स्मृतिभ्रंशातील आक्रमकता आणि संप्रेरकोपचाराची मर्यादा

उतारवयातील माणूस हात उगारू लागला, आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या देऊ लागला किंवा घरातल्या बाईच्या अंगचटीला येऊ लागला की त्याचे कारण त्याच्या शरीरात कशाचा तरी अतिरेक झाला असावा, असे मानण्याची रीत जुनी आहे. घरची माणसे त्याला म्हातारचळ म्हणतात, शिकलेली माणसे हार्मोनचा दोष म्हणतात, आणि दोघांचीही अपेक्षा एकच असते, की जे वाढले आहे ते डॉक्टरांनी औषधाने उतरवून द्यावे. या समजुतीला वैद्यकातही एक शास्त्रीय रूप मिळालेले आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झालेल्या आक्रमक रुग्णांना स्त्रीसंप्रेरके द्यावीत किंवा पुरुषसंप्रेरक दाबणारी औषधे द्यावीत, या विचाराने १९८० च्या दशकापासून अनेक देशांत उपचार करून पाहण्यात आले.

हा विचार सरसकट खोटा नाही, परंतु तो उथळ आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. स्मृतिभ्रंशातील बहुतेक आक्रमकता ही कोणत्याही संप्रेरकाच्या आधिक्याने होत नाही. ती वेदना, भीती, गैरसमज, दुसरे एखादे औषध किंवा दुसरा एखादा आजार यांना दिलेले उत्तर असते, आणि त्या उत्तरामागचा प्रश्न न शोधता संप्रेरकांना हात घालणे म्हणजे निदानाआधी उपचार करणे होय. संप्रेरकोपचाराला जागा आहे, पण ती फार अरुंद आहे, आणि ती अरुंदच ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच कुटुंबाची आणि कायद्याचीही आहे.

हा प्रश्न वर्ध्याजवळच्या सावंगीचा का आहे

भारतातील ६० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासातून पुढे आला. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. उपचारांच्या सोयीच्या दृष्टीने वर्धा जिल्ह्याची परिस्थिती वेगळी आणि बोलकी आहे. वर्धा या मध्यम आकाराच्या शहराच्या दोन अंगांना दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत: सेवाग्रामला १९६९ पासूनची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि यवतमाळच्या वाटेवर सावंगी (मेघे) येथे १९९० साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. डॉक्टर नाहीत म्हणून काही करता येत नाही, ही विदर्भातील इतर अनेक तालुक्यांची अडचण इथे तितकीशी लागू पडत नाही. म्हणूनच रुग्णाला ओपीडीत आणल्यावर नेमके काय विचारले जाते आणि घरचे नेमके काय सांगतात, हा प्रश्न इथे अधिक स्वच्छपणे मांडता येतो.

औषधाची उपलब्धता हाही इथे अडथळा नाही. पुरुषसंप्रेरक दाबण्यासाठी जे औषध परदेशात सर्वाधिक वापरून पाहिले गेले, ते मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, भारताच्या शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने स्त्रियांना तीन महिन्यांतून एकदा दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनात आहे. गावपातळीवरील आरोग्यसेविकेलाही परिचित असलेले हे औषध आहे. जे औषध इतके जवळ आहे त्याचा मोह आवरण्यासाठी विचार स्पष्ट असावा लागतो.

१. आक्रमकता म्हणून जे दिसते ते एकच नसते

पहिली पायरी म्हणजे ‘आक्रमक’ या एका शब्दाखाली गोळा झालेल्या वेगवेगळ्या वर्तनांना निरनिराळे करणे. सर्वांत मोठा गट शरीराला हात लावताना होणाऱ्या प्रतिकाराचा आहे. आंघोळ घालताना, कपडे बदलताना, डायपर काढताना रुग्ण मारतो, चावतो, नखे लावतो. एरवी तो शांत असतो. आपल्याला कोण हात लावत आहे आणि का लावत आहे हे ज्याला उमगत नाही, त्याने अंगावरचे कपडे काढणाऱ्या अनोळखी माणसाला ढकलून देणे यात विकृती कोणती? परिस्थितीचा त्याला लागलेला अर्थ चुकीचा आहे, पण त्या अर्थाला साजेशी प्रतिक्रिया तो देत आहे.

दुसरा गट संशयातून येणाऱ्या रागाचा आहे. पैसे चोरले, शेत नावावर करून घेतले, बायको दुसऱ्याकडे जाते, असे भ्रम होतात आणि त्या भ्रमाला धरून रुग्ण भांडतो. तिसरा गट लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाचा असून घरात तो सर्वाधिक लपवला जातो. मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याला अग्रखंड म्हणतात, माणसाला मनात आलेले सगळे करू न देण्याचे काम करतो. तो झिजला की लाज, मर्यादा आणि परिणामांचा विचार यांचा आवर सुटतो. अग्रखंड आणि त्यालगतचे भाग आधी बाधित करणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात हे वर्तन विसरण्याच्याही आधी दिसू शकते.

या तिसऱ्या गटातही सगळे वर्तन खरोखर लैंगिक असतेच असे नाही. उकाड्याने किंवा लघवीची घाई झाल्याने, परंतु मोरी कुठे ते न आठवल्याने, धोतर सोडणारा वृद्ध निर्लज्ज ठरवला जातो. सुनेला आपली कधीच वारलेली पत्नी समजून तिचा हात धरणाऱ्याला आपण काय केले हे ठाऊक नसते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, आजारासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपा किंवा प्रामिपेक्सोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांची कामवासना अनावर होते, आणि अशा वेळी डोस कमी करणे हाच उपचार असतो. या सर्वांवर एकच संप्रेरकविरोधी इंजेक्शन देणे म्हणजे तापाच्या प्रत्येक रुग्णाला हिवतापाची गोळी देण्यासारखे आहे.

२. पुरुषसंप्रेरकाचा सिद्धांत कुठे अडतो

संप्रेरकोपचारामागचा युक्तिवाद सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक आक्रमकतेशी आणि कामवासनेशी जोडलेले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संदेश औषधाने कमी केले की वृषणातील त्याची निर्मिती घटते. म्हणून वर्तनही निवळावे. गोऱ्हा खच्ची केल्यावर निवतो आणि औताला चालतो, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे हा युक्तिवाद त्याला पटायला वेळ लागत नाही. परंतु तरुण, निरोगी मेंदूच्या जनावराचे उदाहरण झिजलेल्या मेंदूच्या म्हाताऱ्या माणसाला लावता येत नाही, याची तीन कारणे आहेत.

एक तर टेस्टोस्टेरॉन चाळिशीच्या आसपासपासून दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते, म्हणजे ज्या वयात स्मृतिभ्रंश होतो त्या वयात त्याचे प्रमाण तारुण्यापेक्षा बरेच कमी असते. जी गोष्ट तिशीत अधिक असताना माणूस शांत होता, ती ऐंशीत कमी झाली असता तिच्यामुळे तो हिंसक झाला, असे मानायला वेगळा पुरावा लागतो. दुसरे म्हणजे स्त्रियाही आक्रमक होतात. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकाराची पहिली सविस्तर वैद्यकीय नोंद ज्या रुग्णाची आहे ती एक स्त्री होती: १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी तपासलेली ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर नवऱ्यावर संशय घेत होती, ओरडत होती, घाबरत होती. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक असताना आक्रमकतेची उपपत्ती पुरुषसंप्रेरकावर उभारणे हे अर्ध्याहून अधिक रुग्ण वगळून सिद्धांत मांडण्यासारखे आहे. आणि तिसरे, सर्वांत निर्णायक कारण असे की बहुतेक आक्रमकतेला वेळ असते, ठिकाण असते आणि समोर एखादे विशिष्ट माणूस असते. संप्रेरक दिवसभर रक्तात असते. मग भांडण आंघोळीच्याच वेळी का होते?

३. प्रयोगांचा पुरावा

संप्रेरकोपचाराच्या बाजूने दिला जाणारा पुरावा प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. १९८७ साली कॅनडात लैंगिक आक्रमकता असलेल्या चार स्मृतिभ्रंशग्रस्त पुरुषांना वर्षभर दर आठवड्याला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन देण्यात आले आणि त्यांचे वर्तन लवकरच थांबले, असे नोंदवले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेत मोजक्या रुग्णांना इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक देऊन आक्रमकता कमी झाल्याचे दिसले. २००७ साली स्पेनमधून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सायप्रोटेरॉन या पुरुषसंप्रेरकविरोधी औषधाचा परिणाम हॅलोपेरिडॉल या जुन्या मनोविकारविरोधी औषधापेक्षा चांगला ठरला.

दुसऱ्या बाजूला २००५ साली ऑस्ट्रेलियात २७ आक्रमक पुरुष रुग्णांना, कोणाला खरी आणि कोणाला औषधविरहित अशा, त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्ट्या देण्यात आल्या. खऱ्या पट्टीचा फायदा दिसला नाही, उलट पट्ट्या काढल्यानंतर औषध घेतलेल्यांची आक्रमकता उसळल्याचे आढळले.

या विसंगतीचे स्पष्टीकरण आजाराच्या स्वभावातच आहे. स्मृतिभ्रंशातील वर्तन चढउताराचे असते, आणि कुटुंब रुग्णाला डॉक्टरांकडे नेते ते चढ असतानाच. त्या दिवशी काहीही दिले, अगदी साखरेची गोळी दिली, तरी पुढच्या काही आठवड्यांत उतार येण्याची शक्यता असतेच, आणि त्याचे श्रेय औषधाला मिळते. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या चार-सहा रुग्णांच्या नोंदींवरून शेकडो रुग्णांसाठी निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही.

याउलट एक साधा प्रयोग मोठ्या संख्येवर झाला, पण त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. नॉर्वेमध्ये शुश्रूषागृहांतील ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्तांपैकी काहींना नेहमीची शुश्रूषा आणि काहींना पायरीपायरीने वेदनाशामक उपचार देण्यात आले. पहिली पायरी होती पॅरासिटामॉलची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर वेदनाशामक घेणाऱ्यांची अस्वस्थता व आक्रमकता तुलनेने १७ टक्क्यांनी कमी भरली. आपला गुडघा दुखतो, दाढ ठणकते, हे ज्याला सांगता येत नाही तो मारतो, एवढाच त्याचा अर्थ. पॅरासिटामॉलची गोळी गावातल्या किराणा दुकानातही मिळते. संप्रेरकाच्या इंजेक्शनाचा विचार करण्याआधी ती नियमित देऊन पाहिली गेली का, हा प्रश्न केसपेपरवर पहिल्या ओळीत असायला हवा.

४. संप्रेरके कारण म्हणून

संप्रेरके उपचार म्हणून दुबळी असली तरी कारण म्हणून ती फार महत्त्वाची आहेत, आणि चर्चेचा हा भाग बहुधा राहून जातो. इन्सुलिन हे संप्रेरकच आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन दिले गेले, परंतु रुग्णाने जेवणाचे ताट सरकवले किंवा आपण जेवलो आहोत असे सांगितले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, घाम फुटतो, आणि माणूस चिडतो, ओरडतो, अंगावर येतो. घरचे त्याला झटका समजतात. ग्लुकोमीटरवर ती साखर मोजायला एक मिनिट पुरते. थायरॉइडचे संप्रेरक वाढले तर अस्वस्थता आणि कमी झाले तर गोंधळ व संशय वाढू शकतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा अंगात ताकद यावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांत स्टिरॉइड असेल, तर तेही संप्रेरकाचेच रूप असून त्याने झोप उडते, भ्रम होतात, वृत्ती आक्रमक होते.

संप्रेरकांच्या पलीकडची कारणेही इथेच सांगायला हवीत, कारण तपासणीच्या टेबलावर ती एकत्रच येतात. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पाणी मागण्याचे भान नसलेला वृद्ध कोरडा पडतो, रक्तातील सोडियमचे संतुलन बिघडते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो आणि दोन दिवसांत त्याचे वागणे पार बदलते. प्रोस्टेट वाढून लघवी अडली असेल, चार दिवस शौचाला झाले नसेल, तरी हेच घडते. अचानक, काही तासांत किंवा दिवसांत आलेल्या अशा गोंधळाला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा नसून त्यावर आलेला वेगळा आजार असतो आणि कारण सापडले तर बरा होऊ शकतो. सावंगी किंवा सेवाग्रामसारख्या रुग्णालयात साखर, सोडियम, थायरॉइड आणि लघवी यांच्या तपासण्या रोज होतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे वागणे बदलले की त्या करायच्याच, हा नियम मात्र घट्ट असला पाहिजे.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो. आक्रमक रुग्णांना सध्या दिली जाणारी मनोविकारविरोधी औषधे अधिक घातक आहेत, तेव्हा संप्रेरके हाच सौम्य मार्ग नव्हे का? पहिले विधान खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली १७ चाचण्यांच्या आधारे इशारा दिला की या औषधांनी स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांतील मृत्यूचे प्रमाण १.६ ते १.७ पट होते. पण हा धोका कळला तो हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या म्हणून. संप्रेरकांच्या चाचण्यांतील रुग्ण डझनांत मोजावेत इतके कमी आहेत, आणि इतक्या कमी रुग्णांत मृत्यूतील वाढ दिसणेच शक्य नसते. धोका मोजला गेलेला नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. शिवाय अन्य रुग्णांवरून जे ठाऊक आहे ते आश्वासक नाही. २००३ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ६५ वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिले असता स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट झाला. इस्ट्रोजेनने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि पुरुषांत स्तन वाढतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन दाबले जाते त्या रुग्णांची हाडे ठिसूळ होतात आणि स्नायू झिजतात. आधीच अडखळत चालणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत याचा शेवट खुब्याच्या हाडाच्या मोडीत आणि कायमच्या अंथरुणात होऊ शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे अन्यायाचे होईल. वृद्धाची कणव करणारे लोक त्याची आंघोळ घालत नाहीत. ती बहुधा सून घालते. सासरा तिच्या अंगावर हात टाकतो हे ती नवऱ्याला सांगू शकत नाही, सासूला सांगितले तर दोष तिच्यावरच येतो, आणि माहेरी सांगण्याची सोय नसते. पगारी शुश्रूषा करणाऱ्या बाईला तर काम सोडणे एवढाच मार्ग उरतो. रुग्ण जाणूनबुजून करत नाही, हे तिला समजावल्याने तिच्यावरचा प्रसंग टळत नाही. मानवी हक्कांच्या नावाखाली संप्रेरकोपचार पूर्णपणे निषिद्ध ठरवणारी भूमिकाही म्हणूनच अपुरी आहे, कारण ती एका दुर्बळाचे रक्षण दुसऱ्या दुर्बळाच्या खर्चाने करते.

तरीही तिच्या सुरक्षिततेचा पहिला उपाय इंजेक्शन हा नाही. तिला त्या मोरीतून बाहेर काढणे हा आहे. आंघोळ मुलाने, नातवाने किंवा पुरुष परिचारकाने घालावी; शेतीच्या किंवा नोकरीच्या वेळेला ते जमत नसेल तर आंघोळ रोज सकाळीच झाली पाहिजे हा आग्रह सोडावा, आणि मुलगा घरी असताना अंग पुसून घेणे पुरेसे मानावे. ‘हे बाईचेच काम’ या समजुतीची किंमत म्हणून वृद्धाच्या शरीरातले संप्रेरक दाबले जाणार असेल, तर तो उपचार आजाराचा नसून कुटुंबातील कामाच्या वाटणीचा आहे. हे सर्व करूनही धोका टिकून राहिला, तरच पुढचा विचार योग्य ठरतो.

६. संमती कोणाची

सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात, जवळच्याच पवनार आश्रमात, अन्न आणि औषध दोन्ही नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु तो त्यांचा होता आणि तो स्पष्ट होता, म्हणून इतरांना त्याचा मान राखता आला. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ‘नको’ म्हणतो तेव्हा ते आंघोळीला आहे, औषधाला आहे की समोरच्या माणसाला आहे हे त्यालाही सांगता येत नाही. ज्याचा नकार वाचता येत नाही त्याच्या वतीने निर्णय घेताना अधिक सावध राहावे लागते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील मानसिक आजाराची व्याख्या स्मृती आणि दिशाकाळाचे भान यांचा गंभीर बिघाडही सामावून घेते. या कायद्याचे कलम ९५ मानसिक आजारावरील उपचार म्हणून स्त्री किंवा पुरुषाची नसबंदी करण्यास, तसेच रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई करते. औषध बंद केल्यावर संप्रेरक बहुधा पूर्ववत होत असल्यामुळे संप्रेरकोपचार या कलमाच्या शब्दांत बसणार नाही, पण कलम ९७ मधील तत्त्व त्याला नेमके लागू पडते. रुग्णाला शारीरिकरीत्या जखडायचे तर तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसावा, मनोविकारतज्ज्ञाची परवानगी असावी, कारण व कालावधी नोंदवला जावा, आणि केवळ मनुष्यबळ कमी आहे म्हणून तसे करू नये, असे ते कलम सांगते. तासाभरासाठी हात बांधायला जर इतक्या अटी असतील, तर आठवडे न् महिने टिकणाऱ्या रासायनिक बंधनाला त्याहून कमी अटी असण्याचे कारण दिसत नाही. याच कायद्याने, शुद्धीत असताना, आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचे लेखी पूर्वनिर्देश देण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय केली आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान लवकर झाले तर रुग्णाला ती वापरता येते.

७. उरलेली जागा

संप्रेरकोपचाराचा विचार करता येईल असा रुग्ण कोणता? जो पुरुष आहे. ज्याचे वर्तन निःसंशय लैंगिक, वारंवार आणि दुसऱ्याला इजा करणारे आहे. ज्याच्या वेदना, संसर्ग, साखर, थायरॉइड आणि चालू औषधे यांची तपासणी होऊनही कारण सापडलेले नाही. ज्याची शुश्रूषा करणारे माणूस बदलून पाहिले आहे. आणि ज्याला रक्ताच्या गुठळ्यांचा वा हाडे मोडण्याचा मोठा धोका नाही. अशा रुग्णाच्या बाबतीतही मनोविकारतज्ज्ञ आणि संप्रेरकतज्ज्ञ यांनी मिळून, प्रतिनिधीच्या लेखी संमतीने आणि औषध थांबवण्याची तारीख आधीच ठरवून सुरुवात करावी. त्या तारखेला फायदा लेखी दाखवता आला नाही तर औषध बंद व्हावे. नुसता चिडणारा, ओरडणारा, संशय घेणारा वृद्ध आणि कोणतीही स्त्री रुग्ण या मर्यादेत बसत नाही.

ओपीडीत जाताना कुटुंबाने चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: वर्तन किती वाजता होते, तेव्हा जवळ कोण असते व काय चाललेले असते, शेवटचे शौच आणि लघवी केव्हा झाली, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झाडपाल्याच्या औषधांसकट. बोलणे सूनबाईला अवघड जात असेल तर डॉक्टरांनी इतरांना बाहेर बसवून तिच्याशी स्वतंत्र बोलावे. हा कागद आणि हे बोलणे होण्यापूर्वी संप्रेरकाची चिठ्ठी कोणी मागू नये आणि कोणी लिहूही नये.